बयाबाईची शेवटची कोंबडी

वारूळवाडीत माझ्या आणि रखमाजीच्या घरामध्ये निरगुडीचं कुंपण आहे. तमाशाचा फड सोडून, चाळ पेटीत ठेवून मी इथे दोन खोल्या बांधल्या, तेव्हा आळीतल्या बाया माझ्याकडे लांबूनच बघायच्या. त्यांचा तरी काय दोष? राणी, सासू, चेटकीण अशी सगळी सोंगं मी त्यांच्याच जत्रेत केली होती. त्यातली नेमकी कोण शेजारी राहायला आली, हे त्यांना कळत नसावं. रखमाजीची बायको बयाबाई मात्र माझं सामान लागायच्या आधीच पदरात अंडी घेऊन सरळ कुंपणातून घुसली. चूल वाऱ्याच्या तोंडी मांडली म्हणून मला बोलली, स्वतःच ती फिरवून मांडली आणि आली तशी गेली. त्या दिवशी कुंपणाला जे खिंडार पडलं ते तिने पुन्हा बुजू दिलं नाही.

मला सांगायचंय ते रखमाजीबद्दल. पण गण झाल्याशिवाय वग उभा राहत नाही, तशी बयाबाईवाचून त्याची गोष्ट सुरू होत नाही.

रखमाजी उंच, हाडकुळा. आयुष्यभर द्राक्षाच्या बागांत छाटणी करून बोटं कात्रीच्या मुठीसारखी वळलेली. घरची थोडी बागायत, ओढ्याच्या अंगाला ऊस, एक मुलगी शीला, ती मंचरला दिलेली. कशाची ददात नव्हती. फक्त तोंडाला कुलूप. जत्रेत तमाशाला यायचा तेव्हा शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून उभा राहायचा. आमचा सोंगाड्या असल्या प्रेक्षकाला हेरून ठेवायचा आणि त्याला हसवायची पैज लावायचा. रखमाजीपुढे तो दोन जत्रा हरला. पुढे मी इथे राहायला आल्यावर बयाबाईने मला खरं काय ते सांगितलं. हा बाबा तमाशाहून घरी यायचा, गोधडीत तोंड खुपसायचा आणि एकटाच खुदुखुदु हसत बसायचा.

नवराबायकोचा संसार म्हणजे एक सवाल-जवाबच होता. सवाल सगळे तिचे, आणि जवाबात याचा एक हुंकार. "हूं." तेवढ्यात तिला सगळं कळायचं. हा "हूं" नाराजीचा, तो पोट भरल्याचा, हा शीलेच्या आठवणीचा. मला कुंपणापलीकडून सगळे सारखेच वाटायचे.

बयाबाईच्या कोंबड्या मात्र बोलक्या होत्या. खुडूक बसलेली कोंबडी ती दोन बोटांनी पोटाखाली चाचपून ओळखायची. टोपलीत भुसा, भुशावर अंडी, आणि विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून मध्ये एक कोळसा. सकाळी ती अंगणात उभी राहून "ती ती ती" करायची तेव्हा तिच्या पायाशी अशी झुंबड उडायची, की आमच्या फडाला कधी तशी दाद मिळाली नाही.

नव्याण्णव सालच्या पावसाळ्यात कावीळ होऊन ती गेली. दुखण्यात पडायच्या आधी तिने एक कोंबडी अंड्यांवर बसवली होती. पिल्लं निघाली तेव्हा तिचे डोळे पिवळे झाले होते. पिल्लं दिसली की नाही, कोणास ठाऊक.

दहाव्याला आम्ही सगळे मीना नदीवर जमलो. प्रवचन झालं, पिंड ठेवला, माणसं मागे सरली. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. मग रीतीप्रमाणे एकेक जण हात जोडून पुढे व्हायला लागला. बयाबाईचा भाऊ गेणभाऊ म्हणाला, शीलेचं माहेर मी तुटू देणार नाही. कावळे हलले नाहीत. शीला रडत म्हणाली, आई, आबांना मी अंतर देणार नाही, तू काळजी करू नको. एक कावळा उडाला आणि पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला. कोणी म्हणालं, तिला पुरणपोळी आवडायची, ताटात ठेवा. तीही ठेवून झाली. ऊन चढलं. माणसं घड्याळं बघायला लागली. शेवटी भटजींनी कंटाळून दर्भाचा कावळा वळायला घेतला, तेव्हा रखमाजी मागून पुढे आला. त्याने हातही जोडले नाहीत. ती दारात उभी असावी तसं बोलला.

"बये, तुझ्या कोंबड्यांला म्या सुरी लागू देनार न्हाई. एकीलाबी न्हाई."

आणि कावळा उतरला. वगात असा प्रवेश कोणी घातला असता तर आम्हीच म्हटलं असतं, काढून टाका, लोक मानायचे नाहीत. पण मी तिथे उभी होते. कावळा आला, पिंडाला चोच मारली, भाताचं शीत घेऊन उडाला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. परतताना मागून कोणीतरी हळूच म्हणालं, पोरीपरास कोंबड्यांचाच घोर मोठा व्हता म्हनायचा. शीलेने ते ऐकलं. तिची मान खाली गेली ती घरी पोचेपर्यंत वर आली नाही.

रखमाजीने त्या दिवसापासून शब्द पाळायला सुरुवात केली. कोंबडी कापायची नाही हे तर झालंच, पण विकायचीही नाही. विकत घेणारा काय तिची पूजा करणार आहे? पाहुणे आले की वांग्याचं कालवण. आळीत चेष्टा सुरू झाली, रखमाजीबुवाकडं जायचं तर माळ घालून जा. तो ऐकून घ्यायचा. ज्याने कधी खुराड्याचं दार उघडलं नव्हतं, तो आता भल्या सकाळी बयाबाईसारखं "ती ती ती" करायचा. पण लाजून, अगदी बारीक आवाजात, कोणी ऐकू नये म्हणून. आणि एक नवल मी कुंपणाआडून ऐकलं. हा माणूस कोंबड्यांशी बोलायचा. आज बागेत किती ओळी झाल्या, कुठल्या मालकाने चहा पाजला नाही, बूथवर शीलेचा फोन आला होता. सगळी हकीकत. बायकोला जन्मात जेवढं ऐकवलं नाही तेवढं त्याने त्या कोंबड्यांना ऐकवलं. कोंबड्या मान वाकडी करून ऐकायच्या. कधीतरी एखादी घशातल्या घशात काहीतरी करायची, आणि तेवढ्यावर तो पुढचं बोलायचा.

पुढे एका उन्हाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. आळीतली खुराडी ओस पडली. रखमाजीकडे उरली एकच कबरी. पांढऱ्यावर काळे ठिपके, एका पायाचं नख तुटलेलं. बयाबाईने शेवटच्या दुखण्याआधी बसवलेल्या अंड्यांतली ती. रखमाजी बागेतून आला की ती त्याच्या पायरीवर येऊन बसायची, आणि दोघं मिळून दिवस मावळताना बघायची.

ते दिवस बिबट्याच्या धास्तीचे होते. सगळीकडे ऊस झालेला, उसात बिबटे. रोज कुठे ना कुठे शेळी गेली, कालवड गेली, असं कानावर यायचं. बिबट्याला कुत्रं फार आवडतं, म्हणून दिवे लागले की ज्याने त्याने आपलं कुत्रं घरात घेऊन कडी लावायची. रखमाजीच्या कुत्र्याचं नाव सरदार. हा सरदार तिन्हीसांजेला आपणहून उंबऱ्याच्या आत जाऊन बसायचा. आम्ही हसायचो. पण कुत्री घरात गेली आणि अंगणं मोकळी पडली, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांनी मोठ्या जनावराचा बंदोबस्त केला. धाकटं जनावर मात्र सगळे विसरूनच गेले.

दोन हजार दोनच्या डिसेंबरात एका संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. ओढ्याकडून कोंबडीचं किंचाळणं आलं आणि पाठोपाठ रखमाजीची आरोळी. त्याची आरोळी मी पहिल्यांदाच ऐकली. मला वाटलं, बिबट्याने त्यालाच धरलं. मी धावले. तो काठी घेऊन उसाच्या कडेने पळत होता, आणि त्याच्यापुढे करड्या रंगाचं, उंच पायांचं रानमांजर कबरीला फरफटत नेत होतं. आमच्याकडे त्याला बाऊल म्हणतात. काठी त्याच्या कमरेत बसली, तेव्हा त्याने कोंबडी टाकली आणि ते उसाच्या पाचटात शिरलं. घरात सरदार दाराला धडका देत भुंकत होता.

कबरी जिवंत होती. पाठीवरचं कातडं पंखापासून शेपटीपर्यंत सोललेलं, एक पंख लोंबत असलेला, आणि छातीच्या वर, जिथे कोंबडी टिपलेले दाणे साठवते, ती पिशवी फाटलेली. रखमाजीने तिला धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलं. तिने दिवसभर टिपलेले दाणे रस्ताभर सांडत आले होते.

दुसऱ्या दिवशी तो तिला डालग्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला, आणि मी सोबत गेले. तिथे बैल होते, गाभण म्हशी होत्या, आणि मधोमध हा उंच माणूस मांडीवर डालगं घेऊन बसलेला. एका म्हैसवाल्याने डालग्यात डोकावून म्हटलं, "बुवा, औषधाचा खर्च करन्यापरीस मसाला आना. रश्श्याला मी येतो." लोक हसले. रखमाजीने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने आपली म्हैस जरा पलीकडे नेऊन बांधली.

डॉक्टर शिबिराला गेले होते. ड्रेसिंग करणारा तुळशीदास आमच्याच गावचा, बुद्धवाड्यातला. त्याने पोटॅशच्या पाण्याने जखम धुतली, जांभळं औषध लावलं आणि म्हणाला, टाके पडायला हवेत, पण माझ्याकडे सुया आहेत त्या बैलाच्या कातड्याच्या. त्या हिला लावल्या तर कागदासारखी फाटेल. मी म्हटलं, माझ्याकडे मणी ओवायची सुई आहे. फडात मी स्वतःच्या चोळ्यांना टिकल्या स्वतःच लावल्या आहेत.

संध्याकाळी तुळशीदास सायकलवर टांग टाकून रखमाजीच्या अंगणात आला. सुई आणि रेशीम उकळलं. तुळशीदास सांगत गेला आणि मी शिवत गेले. आधी आतली पिशवी, मग वरचं कातडं. रखमाजीने तिचे पाय धरले होते. ती ओरडली नाही. नुसती चोच उघडी ठेवून श्वास घेत होती. शिवून झालं तेव्हा रखमाजी म्हणाला, "झ्याक जमलं, आक्का." एवढं लांब वाक्य माझ्याशी तो पहिल्यांदाच बोलला होता.

आठवडाभर आम्हाला वाटलं, जगतेय. हळद-तेल, जांभळं औषध, रात्री डालग्यावर गोणपाट. ताकात कुस्करलेल्या भाकरीचे थेंब तो बोटाने तिच्या चोचीत सोडायचा. बागेतलं काम त्याने दुसऱ्यावर सोपवलं. एका सकाळी तिने आपणहून मान उचलली आणि जमिनीवरचा ज्वारीचा दाणा टिपला. रखमाजी मला बोलवायला कुंपणापर्यंत पळत आला. मी गेले. तिने आणखी दाणे टिपले. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत होतो, जसं काही तिच्यासारखं टिपणं कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

मग एक दाणा तिच्या छातीतून बाहेर पडला. मग दुसरा. आतले-बाहेरचे टाके उसवले होते. ती टिपत होती आणि दाणे तिच्याच पायाशी पडत होते. पडलेला दाणा ती पुन्हा टिपायची. तो पुन्हा पडायचा. भूक होती, चोच चालत होती, आणि पोटाला काही पोचत नव्हतं. रखमाजीने हात पुढे करून दाणे झाकले, तेव्हा ती त्याच्या बोटांवर चोच मारायला लागली.

तुळशीदास पुन्हा आला. पुन्हा शिवायला कातडंच उरलं नव्हतं. पंखाखाली वास यायला लागला. उचलून बघितलं तर किडे. सीताफळाचा पाला वाटून लावला, किडे पडले, पुन्हा झाले. कबरी आता उभी राहत नव्हती. पण मरतही नव्हती. रखमाजी जवळ आला की डोळा उघडायची. तेवढा एक डोळाच धड राहिला होता.

बातमी मंचरला गेली, म्हणून शीला आली. तिने डालग्यातला प्रकार बघितला, नाकाला पदर लावला, आणि मग पदर काढून बापावर चिडली. आईने असले हाल कधी केले नसते, म्हणाली. विळी आणा, मीच संपवते. रखमाजीने डालगं ओढून मांडीवर घेतलं. तेव्हा शीलेचा इतक्या वर्षांचा बांध फुटला.

"मी नदीवर रडून सांगितलं, तवा आईनं माझं ऐकलं न्हाई. कोंबड्यांचं ऐकलं. आता तुमीबी त्यांचंच ऐका."

रखमाजीने वर बघितलं. मग पुन्हा डालग्यात बघितलं. शीला माझ्याकडे येऊन रडली. मी तिला म्हटलं, आईला तुझा भरवसाच होता, तू बोललीस तिथेच तिचं समाधान झालं असेल, बाकीच्यांना काय कळतंय. तिला ते पटलं की नाही, मला माहीत नाही. एसटी गाठायची म्हणून ती चहा अर्धा टाकून गेली.

त्याच दिवशी तुळशीदास दवाखान्यातून परस्पर आला. डालग्यात वाकून बघितलं, सरळ झाला, आणि रखमाजीच्या शेजारी पायरीवर बसला.

"भाऊ, आमच्यात पिंड न्हाई, कावळा न्हाई," तो म्हणाला. "त्यामुळं तुमच्या शब्दाचं मला कळत न्हाई. दुखन्याचं कळतं. हिच्याजवळ आता दुखन्याबगर काय बी राह्यलेलं न्हाई. सोडवा हिला."

"शब्द दिलाय," रखमाजी म्हणाला.

"सुरी लावनार न्हाई म्हनलात ना? मग सुरी नको. मान पिळा. न्हाईतर मी पिळतो."

रखमाजीने मान हलवली. "बयेला असलं फसवून चालत न्हाई. म्या सुरी म्हनलो, पन काय म्हनायचं व्हतं ते तिला कळलं व्हतं. म्हनून तर कावळा आला."

तुळशीदास उठला. जाताना मला एवढंच म्हणाला, की हा माणूस कोंबडीआधी जाईल. खोटं नव्हतं. रखमाजीच्या गालांची हाडं वर आली होती. तिला जात नाही म्हणून त्यालाही घास जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या सुमाराला तो बयाबाईच्या खिंडारातून माझ्या अंगणात आला. आजवर तो कधी तिथून आला नव्हता. कुंपणापाशीच थांबायचा. माझ्या तुळशीपाशी उभा राहिला.

"आक्का," तो म्हणाला, "तुमाला बयेचा आवाज काढता येतो."

येत होता. माझं पोटच दुसऱ्यांच्या आवाजावर भरलेलं. बयाबाई असताना मी तिच्याच तोंडावर तिची नक्कल करायची. ती हसून हसून मला मारायची आणि म्हणायची, अजून एकदा करा. एकदा तर मी तिच्या आवाजात कुंपणावरून "पानी काढा की" म्हटलं होतं, आणि रखमाजी आतून "हूं" करून बादली घेऊन विहिरीवर गेला होता. त्याला ते आठवत असणार.

मी म्हटलं, "भाऊ, ते ती जिवंत असताना. आता नको."

"शब्द तिला दिलाय," तो म्हणाला. "सोडवायचा बी तिनंच. तुमी हायसा हे मला ठावं हाये. येडा न्हाई मी. तरी म्हना."

मी पुष्कळ विचार केला असं सांगितलं तर ते खरं नाही. त्याचा चेहरा बघून मी उठले. बयाबाई खोचायची तसा पदर कमरेला खोचला आणि त्याच्या मागोमाग गेले. तो डालग्यापाशी माझ्याकडे पाठ करून बसला. कबरीच्या अंगावर बयाबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता. मी दारात उभी राहिले, जिथे ती उभी राहायची. पाठांतर काही नव्हतं. डोळे मिटले, आणि जे तिने म्हटलं असतं असं मला मनापासून वाटलं, तेच म्हटलं.

"आवो, काय चाललंय तुमचं? पाव्हनं आलं की मीच कोंबडी धरायची आन तुमी कापायचा. कवा एकीचे तरी हाल झाले का? डोळ्यावर हात ठेवायची मी तिच्या. आन आता मांडीवर घिऊन कुजवत बसलाय. तुमी शब्द दिलात, मला पोचला. झालं. आता सोडा तिला. माझ्याकडं लावून द्या."

शेवटचं वाक्य कुठून आलं, मला खरंच माहीत नाही. सरदार दारातून माझ्याकडे बघत होता, त्याचे कान उभे राहिले होते.

"हूं," रखमाजी म्हणाला.

इतकी वर्षं मी तो हुंकार ऐकला होता आणि मला तो नेहमी सारखाच वाटला होता. हा मात्र वेगळा होता. मी मागे फिरले, घरी आले आणि दार लावून घेतलं. त्याने काय केलं, कसं केलं, मी बघितलं नाही आणि कधी विचारलं नाही. दुपारी बाहेर आले तेव्हा तो ओढ्याच्या अंगाला कुदळीने माती सारखी करत होता. वर मोठे दगड रचले, बाऊल उकरेल म्हणून. मग खुराड्याचं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं. लुगड्याचा तुकडा धुऊन दोरीवर वाळत घातला होता.

संध्याकाळी त्याने मंचरला फोन लावायला मला एसटीडी बूथवर नेलं. बूथवाल्याने नंबर फिरवून दिला. रखमाजीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून कानाला लावला. मग म्हणाला, "शीले, कबरी गेली." पलीकडून ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तो म्हणाला, "तू ये. आयतवारी ये." मग रिसीव्हर खाली ठेवून तो बाहेर आला.

त्यानंतर तो चार-सहा दिवस दिसला, तो नुसता जाता-येता. मग एका दुपारी मी भाकरी थापत होते, तेव्हा येऊन पायरीवर बसला. म्हणाला, "तुमचं एक चुकलं, आक्का."

मी म्हटलं, काय चुकलं?

"आवो म्हनला तुमी. चारचौघांत म्हनायची ती आवो. घरात न्हाई म्हनायची."

"मग काय म्हणायची?"

त्याने जमिनीवर बोटाने रेघ ओढली. "म्हातारबुवा म्हनायची. लगीन झालं तवा मला मिसरूड फुटलं नव्हतं, तवापासनं." मग खाली बघतच म्हणाला, "तेवढं एकदा म्हना. जेवाय बोलवल्यासारखं. म्हातारबुवा, भाकर झाली, असं."

मी तव्यावरची भाकरी उलटली. मी ते म्हणू शकले असते. घशात तो आवाज तयारही होता. पण आमच्या धंद्यात मी बघितलं आहे, एकदा टाळी पडलेली जागा माणूस पुन्हा पुन्हा मागतो, आणि आपण पुन्हा पुन्हा देतो, आणि एक दिवस त्या जागेत नुसता आवाज उरतो, आत माणूस नसतो. त्याच्याकडे तिच्यातलं आता एवढंच शिल्लक होतं. ते मी हाताळून झिजवायचं, हे मला जमेना.

"नाही, भाऊ," मी म्हटलं. "ते तुमच्या कानात आहे तसंच राहू द्या. माझ्या तोंडून नको."

त्याने डोळे पुसले नाहीत. ते वाहत होते आणि तो रेघ ओढत होता. मग म्हणाला, "बरं."

मी माझ्या स्वतःच्या आवाजात म्हटलं, "रखमाजीभाऊ, जेवून जा."

बयाबाई माझ्याकडे किती वेळा जेवली असेल, त्याला गणती नाही. तो कधी जेवला नव्हता. फडातल्या बाईच्या घरी जेवायचं की नाही, हे त्याच्या मनात कधी असलं तर ते त्याने बोलून दाखवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तो उठला, हातपाय धुतले, आत येऊन पाटावर बसला. मी भाकरी, मेथीची भाजी आणि ठेचा वाढला. तो सावकाश, खाली मान घालून जेवला. अर्धी भाकरी उरली ती मी न विचारता त्याच्या ताटात टाकली, तीही खाल्ली. नको म्हणत असताना ताट स्वतः धुतलं, पालथं घातलं आणि जायला निघाला.

"उद्या ऊस तोडाय टोळी येनार हाये," दारातून म्हणाला. "मला उशीर हुईल."

"होऊ द्या," मी म्हटलं. "झाकून ठेवीन."